कायमचा पंच

सरकारी कागदांत माझा उल्लेख ‘त्याच भागात राहणारे प्रतिष्ठित इसम’ असा आहे. एकदा नव्हे, शंभरेक वेळा. माझ्या सासऱ्यांनी मला कधी प्रतिष्ठित म्हटलं नाही, बायकोने तर नाहीच. पण सुरतेच्या पोलिसांनी नव्वदच्या दशकात सलग आठ वर्षं म्हटलं. त्यासाठी मला एवढंच करावं लागे, की समोरच्या चौकीतून हाक आली की कात्री खाली ठेवायची, रस्ता ओलांडायचा आणि सही करायची.

माझं शिवणाचं दुकान लिंबायतला होतं. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट, वर पत्रा, आत एक मशीन आणि मी. आजूबाजूला सगळी खानदेशी वस्ती. कुणी धुळ्याकडचा, कुणी अमळनेर-पारोळ्याचा, बहुतेक सगळे लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कारागीर. बारा तासांची पाळी आणि बारा तासांची खटखट. त्यामुळे आमची माणसं ‘जेवलास का’ हेसुद्धा भांडल्यासारखं विचारत. पाळी सुटली की पाय घराकडे वळायच्या आधी दुसरीकडे वळत. राज्यात दारूबंदी होती. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या गल्लीत राहून ते कुणाच्या लक्षात आलं नसतं.

गल्लीतली दारू आप्पांची. आप्पा म्हणजे साठीतला, गोरा, सदा धुतलेल्या लेंग्यातला माणूस. चलथाणकडून उसाची मळी यायची, खाडीच्या काठाला भट्टी लागायची आणि प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत बांधून माल गल्लीत फिरायचा. त्या पिशवीला पोटली म्हणत. आप्पांना कुणी बुटलेगर म्हटलेलं खपत नसे. ते स्वतःला समाजसेवक म्हणवत, आणि खोटं नव्हतं ते. रेशनकार्ड, पोराचा शाळेतला दाखला, गल्लीतला नळ, सगळं आप्पांमुळे. गणपती मंडळाचे अध्यक्ष आप्पा. ऑक्टोबरात नशाबंदी सप्ताह आला की चौकीसमोर कार्यक्रम व्हायचा, त्याचा मांडव, खुर्च्या आणि माइकही आप्पाच पुरवायचे. पहिल्या रांगेत बसून ते दारूच्या दुष्परिणामांवरचं भाषण मन लावून ऐकत आणि शेवटी आभार मानत.

आता चौकीची अडचण अशी, की वरून विचारणा व्हायची: एवढी वस्ती, आणि केस एकही नाही? मग महिन्याकाठी एक केस लागे. ती आप्पाच द्यायचे. केस देणं म्हणजे तीन गोष्टी देणं: थोड्या पोटल्या, एक आरोपी आणि दोन पंच. या आरोपीला गल्लीत ‘हजर माणूस’ म्हणत. जमादार दुपारी चहा पिऊन निघायचा, हजर माणूस ठरल्या कोपऱ्यावर पोटल्या घेऊन हजर असायचा, दोघं गप्पा मारत चौकीवर यायचे. पंचनामा गुजरातीत व्हायचा. बातमी मिळाली, छापा टाकला, आरोपी पळू लागला, शिताफीने पकडला. पळू लागला हे वाक्य हजर माणसाला वाचून दाखवलं की तो लाजायचा.

पंच म्हणून एक मी आणि दुसरा शेजारचा पानवाला. जमादार म्हणायचा, “टेलर, आमां सही करी नाख,” आणि मी करायचो. सुरुवातीला वाचून करायचो, मग न वाचता, पुढे कोऱ्या कागदावर. चौकीचं काम अडू नये म्हणून आठ-दहा कोऱ्या कागदांवर आम्हा दोघांच्या सह्या जमादाराच्या खणात पडून असत. माझी सही तेव्हा फार वळणदार होती. मला तिचा अभिमान होता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

वर्षा-दीड वर्षाने ती केस कोर्टात उभी राहायची. तिथे आमचं दुसरं काम असे, विसरण्याचं. सही माझी, मजकूर आठवत नाही. पोलिसांनी बोलावलं, सही केली, दारू पाहिली नाही, आरोपी ओळखत नाही. आरोपी बहुधा माझ्याच हातची पँट घालून उभा असायचा. पंच फुटला की केस सुटायची. चौकीचा आकडा भरला, आप्पांचा माणूस घरी आला, कोर्टाचं एक काम निकाली निघालं. तिन्ही ठिकाणी समाधान. मला यात मिळायचं ते एवढंच, की माझी ती फट कुणाच्या डोळ्यांत खुपत नसे.

हजर माणूस म्हणून आप्पांची पहिली पसंती असे माझ्या दाजींना. सख्खे मेहुणे नव्हेत. त्यांची बायको माझ्या गावची, म्हणून ती माझी बहीण, म्हणून ते दाजी आणि त्यांच्या दोन्ही पोरींचा मी मामा. बहीण दर राखीला दुकानात येऊन राखी बांधायची आणि मशीनलाही कुंकू लावायची. दाजी लूमवर बारा मशीन सांभाळणारा पक्का कारागीर. गल्लीत थेंबालाही न शिवणारा तो एकटाच पुरुष, आणि दारूचे सगळ्यात जास्त गुन्हे त्याच्याच नावावर. याचं कारण आप्पांनी मला एकदा समजावून सांगितलं. पिणारा माणूस हजर केला तर कोपऱ्यापासून चौकीपर्यंत जाताना तो मुद्देमालच संपवतो. असं दोनदा झालं होतं, आणि जमादाराला रिकाम्या पिशव्यांत पाणी भरून वेळ मारून न्यावी लागली होती. दाजी प्रामाणिक. दिलेली दारू जशीच्या तशी पोलिसांकडे पोचवायचे. आप्पांनीच त्यांना खोली मिळवून दिली होती, म्हणून नाही म्हणता येत नसे. एक पाळी बुडायची, शेठची शिवी खायची, विषय संपायचा.

हे सगळं सुखाने चाललं असतं. पण आप्पांना मुलगी होती आणि मुलीला नवरा होता.

जावई उधन्याला राहायचा. पहिल्यांदा माझ्याकडे सफारी शिवायला आला तेव्हा कमर तीस होती. तीन वर्षांत तो छत्तीसवर गेला, आणि आप्पा त्याच काळात अडतीसवरून चौतीसवर आले. मी माप घेणारा माणूस, धंदा कुठून कुठे सरकतोय हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. जावयाचं म्हणणं, देशी आता म्हाताऱ्यांची झाली. तो दमणहून बाटल्या आणायचा. कतारगामच्या हिरेवाल्यांपर्यंत त्याचं गिऱ्हाईक होतं. आप्पांचा जमादार, तर जावयाने थेट वरचे साहेब धरले. त्यामुळे एकाच चौकीत पुढच्या टेबलावर सासरा आणि मागच्या खोलीत जावई अशी वाटणी झाली.

भांडण जुंपलं, पण आमच्याकडे जावयाला अरे-तुरे करत नाहीत, आणि सासऱ्याच्या पाया पडल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. त्यामुळे सुरतेत इतक्या अदबीने चाललेलं दुसरं टोळीयुद्ध नसेल. जावयाच्या माणसांनी खाडीवरचे आप्पांचे ड्रम फोडले. आप्पांनी निरोप धाडला, “जवाईबुवांना म्हणावं, ड्रम फोडले ते ठीक, पण रविवारी जेवायला या. वांग्यांचं भरीत केलंय.” जावई आला. जेवला. हात धुताना सासूला म्हणाला, मामंजींची तब्येत उतरलीय, त्यांनी आता आराम करावा. आप्पांनी त्याच्या दमणच्या गाडीची खबर जमादाराकरवी भलत्याच ठाण्याला पोचवली आणि त्याच आठवड्यात लेकीकडे लोणच्याची बरणी पाठवली. मधल्यामध्ये ती पोर दोन्हीकडची मीठ-मिरची सांभाळत होती. गल्लीत पैजा लागत होत्या, आणि मी दोघांचेही कपडे शिवत होतो.

प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दाजींच्या मोठ्या पोरीचं लग्न ठरलं. लग्न गावाकडे, अमळनेरच्या बाजूला. आप्पा म्हणाले, आम्ही येणार, आणि बँडही आमच्याकडून. जमादारालाही आमंत्रण गेलं. तो गुजराती, पण खानदेशी लग्नातली वरण-बट्टी एकदा खायची त्याची फार इच्छा होती. जावयालाही बोलावणं होतं, पण आयत्या वेळी त्याचं पोट दुखायला लागलं. निघायच्या आदल्या दिवशी जमादाराने मला हाक मारली. आपण सगळेच जातोय, मागे काही लागलं तर खोळंबा नको, म्हणून आणखी चार कोऱ्या कागदांवर सही कर. पानवाला चार महिन्यांपूर्वी वारला होता, पण त्याच्या सह्या खणात शिल्लक होत्या. त्यांच्याशेजारी मी माझ्या केल्या आणि पॅसेंजर पकडली.

मी त्या लग्नात नुसता पाहुणा नव्हतो. मी मामा होतो. भाचीला हाताला धरून मीच मांडवात आणलं, अंतरपाटामागे तिच्या पाठीशी मीच उभा राहिलो. लूमच्या खोलीत वाढलेली, मुंडावळ्या बांधल्यावर एकदम मोठी दिसायला लागलेली पोर. मंगलाष्टकं संपून टाळी लागली तेव्हा मी डोळे पुसले ते तिने पाहिलं आणि मलाच म्हणाली, “मामा, रडू नका ना.” दाजी अंगणात वाढत फिरत होते, आप्पा पहिल्या पंगतीला, आणि जमादार चौथ्यांदा बट्टी मागत होता. त्या दुपारइतका आनंद मला पुढे कधी झाला नाही.

त्याच दुपारी, त्याच वेळी, लिंबायतला साहेबांनी छापा घातला. जावयाने बातमी दिली होती. खात्यामागच्या एका खोलीत आप्पांनी हळूच विलायतीचाही धंदा सुरू केला होता, तिथे खोके सापडले. मोठा माल. सगळी गल्ली लग्नाला गेलेली, त्यामुळे खोलीत चिटपाखरू नाही. पण आरोपीशिवाय छापा कसा शोभणार? पंचनामा लिहायला बसलेल्या शिपायाने जुना कागद समोर ठेवला आणि सवयीने आरोपीचं नाव उतरवलं: दाजींचं. जागेवर पकडला, झटापट करून पसार झाला, असं लिहिलं. सवयीनेच जमादाराचा खण उघडून सह्या केलेला कागद काढला. एक पंच मेलेला, दुसरा खानदेशात भाचीमागे उभा, आणि आरोपी बुंदी वाढत होता. खाकीत तपासल्याशिवाय कुठलीही गोष्ट पुढे जात नाही म्हणतात, ही गेली.

आठवड्याने दाजी परत आले ते हाताची हळद घेऊन थेट कोठडीत. चौकीत प्रत्येकाला खरं माहीत होतं. जमादार तर मला बघून मान वळवायचा, कारण त्याला आपण कुठे होतो हे सांगायची सोय नव्हती. तो त्या दिवशी कागदोपत्री आजारी होता. पण साहेबांनी मोठा माल पकडल्याबद्दल वरून शाबासकी घेतली होती. शाबासकी परत करता येत नाही.

दाजी जामिनावर सुटले. खात्याच्या शेठने काढून टाकलं, कारण हा गुन्हा नेहमीचा नव्हता. सिद्ध झाला तर तुरुंग होता. पोरीच्या सासरी कुजबुज सुरू झाली. खरं तर तिच्या सासऱ्याने स्वतः त्या दिवशी दाजींच्या हातून पान घेतलं होतं, तरी तो लोकांत म्हणू लागला, आगीशिवाय कशाला धूर येईल, आम्हाला आधी कळलं असतं तर. बहीण माझ्याकडे आली. म्हणाली, “भाऊ, तू शे ना. तू सांगशी ना, आम्ही समदा लगीनमा व्हतूत?” मी म्हणालो, सांगेन. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो. आप्पांनी दाजींसाठी दिलेला वकीलही म्हणाला, यावेळी विसरायचंसुद्धा नाही, फक्त खरं सांगायचं. लग्नाचे फोटो त्याने फायलीत ठेवून घेतले. मी घरी आरशासमोर उभा राहून सराव केला. सहा वर्षांत पहिल्यांदा मला कोर्टात काही आठवायचं होतं.

तारखा पडत गेल्या. पुढचं वर्ष उजाडलं आणि त्यात अधिक महिना आला, आमच्याकडचा धोंड्याचा महिना.

या महिन्यात जावयाला घरी बोलावून वाण देतात, हे मराठी माणसाला सांगायला नको. आप्पांनी जावयाला रीतसर आमंत्रण दिलं. त्याला नवा पोशाख करायचा म्हणून मापासाठी मलाही बोलावलं, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं. पाट मांडला, भोवती रांगोळी, सासूने ओवाळलं. पुरणाचे धोंडे वाढले. चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा. आणि ताटाबाहेर, तोंडी, उधन्यापासून पांडेसऱ्यापर्यंतचा सगळा विलायतीचा धंदा. देशी आप्पांकडे राहिली, सन्मानाने. लेक दाराआड उभी राहून रडत होती. वर्षभर तिने जे सोसलं ते धोंड्याच्या एका जेवणात मिटलं. साहेब आणि जमादार दोघेही पंगतीला होते, शेजारी शेजारी. मी मनात म्हटलं, चला, आता दाजीही सुटले.

हात धुताना आप्पांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलले. केस पडली तर साहेबांची चौकशी लागते. चौकशी लागली की खण उघडतो. खण उघडला की जमादार जातो, साहेब जातात, जवाईबुवा येतात मधे, आणि आत्ताच तर घर जुळलंय. “तू फक्त व्हय म्हन. येवढंच. बाकीनं मी दखसू.” दाजींच्या घरी धान्य पोचेल, पोरीच्या सासऱ्याला आप्पा स्वतः समजावतील, वर्ष जायला काय लागतं? मी म्हणालो, आप्पा, तो माणूस तिथे नव्हता. आप्पा म्हणाले, मला का माहीत नाही? मी त्याच्या हातची बुंदी खाल्लीय.

दुसऱ्या दिवशी जमादार दुकानात आला, शर्टाचं बटण लावून घ्यायला. प्लेगनंतर शहर साफ करायचं वारं सुटलं होतं, रस्त्यावर आलेली दुकानं रोज पाडली जात होती. जमादार माझ्या पत्र्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, लग्नाला होतो म्हणालास तर सही खोटी. एक खोटी तर सगळ्या खोट्या. सहा वर्षांच्या. त्या कुणी केल्या? चौकीने? तो रागाने बोलला नाही. उलट त्याला माझी काळजी वाटत होती. मी बटण लावलं, दोरा तोडला, त्याने ओढून पाहिलं आणि गेला.

दाजींना मी हे सांगायला हवं होतं. तारखेला आठ दिवस होते. त्यांना दुसरा वकील बघता आला असता, फोटो मागून घेता आले असते, गावाकडून चार माणसं आणता आली असती. रोज ते दुकानासमोरून जायचे आणि हात करायचे. मी हात करायचो. घाबरलो होतो म्हणून नाही सांगितलं, एवढंच खरं आहे. बाकी मी स्वतःला जे जे सांगितलं, बायका-पोरं, दुकान, वय, ते सगळं नंतर शिवलेलं अस्तर होतं.

कोर्टात पंखा फिरत होता. दाजींनी लग्नातलाच शर्ट घातला होता, मी शिवलेला. बहीण मागच्या बाकावर बसली होती. सरकारी वकिलाने कागद दाखवला. सही तुमची? माझी. छाप्याच्या वेळी तुम्ही कुठे होता? मला वाटलं आता तोंडातून काय येतंय ते आपणही ऐकू. “मी सुरतेतच होतो, जागेवर,” असं आलं. आरोपी हाच? हो, हाच. दाजींनी माझ्याकडे पाहिलं ते चिडून नाही. त्यांना वाटलं मी चुकलो. मजकूर उलटा पाठ केलाय. त्यांनी मानेने हळूच नाही नाही केलं, मला सावरून घ्यायला. मग आप्पांचा वकील उठला. आता तो विचारेल असं त्यांना वाटलं असणार, कारण ते पुढे सरकले. वकील म्हणाला, साक्षीदाराला मला काही विचारायचं नाही.

मॅजिस्ट्रेटसाहेब भले गृहस्थ होते, नुकतेच बदलून आलेले, मला न ओळखणारे. वर्षानुवर्षं फुटणारे पंच बघून कंटाळले असावेत. कागदावरून मान वर करून ते मला म्हणाले, असे आपल्या शब्दाला चिकटून राहणारे पंच असते तर या शहरात दारूबंदी केव्हाच यशस्वी झाली असती. कारकुनानेही माझ्याकडे आदराने पाहिलं. शहरात आल्यापासून मला मिळालेली ती एकमेव जाहीर शाबासकी.

दाजींना एक वर्ष झालं. आप्पांनी धान्य पाठवलं, पहिले दोन महिने. पोरीच्या सासऱ्याला समजावायला कुणी गेलं नाही. त्याने पोर माहेरी धाडली नाही, मोठ्या मनाने ठेवून घेतली, आणि ते मोठं मन तिला रोज दोन्ही वेळा जेवणाबरोबर वाढलं. बहीण दुसऱ्या खात्यात धागे गुंडाळायला जाऊ लागली. त्या वर्षी राखीला ती आली नाही, आणि मीही तिच्याकडे गेलो नाही. आप्पांनी जावयाबरोबर मिळून गणपतीत देखावा केला, दारूच्या राक्षसाचा वध. माझं दुकान पाडलं गेलं नाही. चौकीतून हाका येत राहिल्या. मी जातच होतो, सही करत होतो, फक्त ती आता वळणदार येत नव्हती.

दाजी सुटून आले ते मला चार महिन्यांनी कळलं. ते पांडेसऱ्याला राहायला गेले होते, लूम सुटला तो सुटलाच, कुठेतरी रखवालदारी करत होते. रस्ता बदलून जायचे. मग एका सकाळी भाची दुकानात आली. कडेवर मूल होतं. मी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही. मी मुलाच्या हातात रंगीत चिंधी दिली, ती तिने घेऊ दिली. मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मी रडून माफी मागितली असती, निदान तसं मी दोन वर्षं ठरवून ठेवलं होतं.

ती म्हणाली, “मामा, लहानीचं लग्न ठरलंय. येत्या वैशाखात, गावाकडेच.”

मी म्हणालो, अगं वा. तिच्यासाठी शालू मी आणणार. मामाचा मान आहे. मी घाईघाईने बोलत सुटलो, कुठला रंग, कुठली गाडी, किती दिवस आधी निघायचं. ती सगळं ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“मामा म्हणून दुसरे उभे राहणार आहेत, आईच्या चुलतभावांतले एक. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुम्ही याल, म्हणून आईनं मला पाठवलं.” मग आईचा निरोप तिने आईच्याच शब्दांत सांगितला, मान खाली न घालता. “ती म्हनी, भाऊले सांग, त्या दिनले तू सुरतमाच ऱ्हायजो.”

तारीख तिने सांगितली नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. त्यामुळे त्या वैशाखात मी एकही दिवस शहराबाहेर गेलो नाही.